मेंदूतल्या मेटास्टेसिसचं ऑपरेशन: पुढे किती काळ मिळेल याचा अंदाज कशावरून बांधायचा?

प्रश्न: रेसिडेंट_न्यूरो

मेंदूत पसरलेल्या कर्करोगाची गाठ (मेटास्टेसिस) काढायची की नाही हे ठरवताना 'निदान तीन महिने तरी मिळतील' अशी अपेक्षा असावी, असा संकेत आहे. ते तीन महिने मिळणार की नाही हे कशावरून ठरवायचं, इथे गाडी अडते.

समजा पेशंट असा आहे. वय ५८, फुफ्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, ईजीएफआर पॉझिटिव्ह (म्हणजे त्या जनुकात म्युटेशन, ज्यावर गोळी आहे). लहान मेंदूच्या उजव्या बाजूला ३.५ सेंमीची गाठ, भोवती सूज, चौथं व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाची वाट) दबलेलं. मेंदूत दुसरी गाठ नाही, पण डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये एक मेटास्टेसिस आहे. डोकेदुखी, उलट्या, चालताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. केपीएस (स्वतःचं स्वतः किती जमतं याचं ० ते १०० चं माप) ६०.

आता आयुष्याचा अंदाज देणारे तीन स्कोअर लावून बघू. मध्यक म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या आधी जातात तो काळ.

आरपीए: केपीएस ७० च्या खाली, म्हणून थेट वर्ग ३. मध्यक २.३ महिने.

जुना जीपीए: वयाचा ०.५, केपीएसचा ०, एकच गाठ म्हणून १, मेंदूबाहेर आजार आहे म्हणून ०. बेरीज १.५. मध्यक ३.८ महिने.

लंग-मॉल-जीपीए (फुफ्फुसाच्या कर्करोगासाठीचा, म्युटेशन धरणारा जीपीए): वय ७० च्या खाली ०.५, केपीएसचा ०, मेंदूबाहेर आजार ०, गाठी चारपर्यंत ०.५, ईजीएफआर १. बेरीज २. मध्यक १३.७ महिने.

पेशंट एकच, आणि आकडे २.३, ३.८ आणि १३.७. पहिल्यावर विश्वास ठेवला तर ऑपरेशन नको, तिसऱ्यावर ठेवला तर उशीर नको.

माझे प्रश्न:
१. कुठला आकडा धरायचा, आणि का?
२. केपीएस कधीचा लिहायचा? डेक्सा (डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टिरॉइड) सुरू करण्याआधीचा की नंतरचा?
३. ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या नोंदींवरून स्वतंत्र मॉडेल करायचं झालं, समजा ३१० पेशंट आणि २२ घटक, तर काय सांभाळायला हवं?
४. नातेवाइकांना नेमकं काय सांगायचं?

---

उत्तर १: पोस्टिरिअर_फोसा

तिन्ही स्कोअरची बेरीज तुम्ही बरोबर केलीत. आकड्यांत एवढी तफावत येते ती ते कुठल्या पेशंटांवरून बांधलेत त्यामुळे.

आरपीए १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आरटीओजी या अमेरिकी रेडिएशन संशोधन गटाच्या १९७९ ते १९९३ मधल्या तीन चाचण्यांतले सुमारे १२०० पेशंट आहेत, आणि त्यांच्यावरचा मुख्य उपचार म्हणजे पूर्ण मेंदूला रेडिएशन. मूळ कर्करोग कुठला, याला त्या वर्गवारीत जागाच नाही. केपीएस ७० किंवा वर, वय ६५ च्या खाली, मूळ आजार आटोक्यात आणि बाकी कुठे पसरलेला नाही, तर वर्ग १ (७.१ महिने). केपीएस ७० च्या खाली तर वर्ग ३. उरलेले सगळे वर्ग २ (४.२ महिने). २००८ चा जीपीएही सगळे कर्करोग एकाच मापाने मोजतो. लंग-मॉल-जीपीए २०१७ चा. त्यातले २१८६ पेशंट २००६ ते २०१४ या काळात निदान झालेले आहेत, आणि त्यात म्युटेशनला गुण आहेत. तुमच्या पेशंटला पुढे गोळी मिळणार आहे आणि ती मेंदूतही पोचते, ही गोष्ट फक्त तिसऱ्या स्कोअरला कळते. म्हणून धरायचा तर तिसरा धरा.

त्या त्या कर्करोगाचा स्कोअर असेल तर तोच वापरावा. स्तनाच्या कर्करोगाचा २०२० मध्ये सुधारला, त्यात उपप्रकाराला वजन आहे. किडनीच्या स्कोअरमध्ये हिमोग्लोबिन येतं. मेलनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) स्कोअरमध्ये ब्राफ जनुकातला बदल येतो. फुफ्फुसाच्या २०२२ च्या आवृत्तीत पीडी-एल१ ची (इम्युनोथेरपी कितपत चालेल हे सुचवणाऱ्या प्रथिनाची) भर पडली.

आता केपीएस. तुमच्या उदाहरणात सगळं वजन त्या ६० वर आहे, आणि तो ६० का आहे हे कुठलाच स्कोअर विचारत नाही. लहान मेंदूवर दाब आहे म्हणून तोल जातो, उलट्यांमुळे पोटात काही ठरत नाही, म्हणून माणूस पडून आहे. असा ६० सुधारू शकतो. दुसरा पेशंट घ्या: वजन १२ किलो उतरलेलं, छातीत पाणी, यकृत मेटास्टेसिसनी भरलेलं, आणि मेंदूतली गाठ २ सेंमीची, विशेष दाब नाही. त्याचाही केपीएस ६०. ती गाठ काढून त्याच्या ६० मध्ये काहीही फरक पडणार नाही. कागदावर दोघे वर्ग ३ च.

दोघांत फरक करायचा सोपा मार्ग म्हणजे डेक्सामेथासोन. मेंदू सरकण्याची भीती नसेल तर दिवसाला ४ ते ८ मिग्रॅ पुरतं. १९९४ च्या चाचणीत ४, ८ आणि १६ मिग्रॅ असे गट केले होते. सातव्या दिवशी केपीएसमधली सुधारणा सारखीच होती आणि १६ वाल्यांना दुष्परिणाम जास्त. पण चौथं व्हेंट्रिकल दबलेलं आणि उलट्या असल्या तर १६ मिग्रॅ विभागून द्या, आणि पाणी साठून शुद्ध कमी व्हायला लागली तर डेक्साचा परिणाम बघत बसू नका, तिथे तातडीने दाब उतरवावा लागतो.

वेळ हातात असेल तर ४८ ते ७२ तासांनी केपीएस पुन्हा मोजा. ६० चा ८० झाला तर दोष दाबाचा होता. काहीच हललं नाही तर अशक्तपणाचं कारण मेंदूबाहेर शोधा. नोंदीत दोन्ही आकडे हवेत, तारीख आणि त्या वेळच्या डोससकट. नुसतं 'केपीएस ७०' लिहिलेली नोंद नंतर कुणाच्याच उपयोगाची नसते.

तो आकडा खाटेशेजारी उभं राहून अंदाजाने टाकू नका. ७० म्हणजे आंघोळ, जेवण, संडास स्वतःचं स्वतः, पण काम होत नाही. ६० म्हणजे बरंचसं स्वतः, अधूनमधून मदत. ५० म्हणजे मदत बरीच आणि डॉक्टरांकडे फेऱ्याही बऱ्याच. 'काल आंघोळ कुणी घातली?' एवढं घरच्या माणसाला विचारलं की ६० आणि ७० मधला गोंधळ सुटतो. ईकॉगवरून (केपीएससारखंच ० ते ५ चं दुसरं माप) केपीएस काढायची सवय तर मोडायलाच हवी: ईकॉग २ मध्ये ६० आणि ७० दोन्ही येतात, आणि आरपीएची सीमारेषा नेमकी त्या दोघांमधून जाते.

'एकच गाठ' या शब्दांनीही घोळ होतो. मेंदूत एक, पण शरीरात इतरत्र आजार आहे, ही एक गोष्ट. मेंदूतली ती गाठ सोडली तर शरीरात कुठेच काही नाही, ही दुसरी. तुमचा पेशंट पहिल्यातला. रिपोर्टमध्ये दोन्हींना 'एकच' लिहितात. शिवाय ती एक गाठ सीटीवर मोजली की १ मिमी काप असलेल्या काँट्रास्ट एमआरआयवर, हेही बघा. सीटीवर ज्यांना एक दिसायची त्यातल्या कित्येकांना चांगल्या एमआरआयवर तीन निघतात. त्यामुळे जुन्या अभ्यासांतला 'एक गाठ' गट आणि आजचा गट सारखा नाही.

ऑपरेशनने आयुष्य वाढतं याचा मूळ पुरावा १९९० चा. ४८ पेशंट: गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांचा मध्यक ४० आठवडे, नुसत्या रेडिएशनवाल्यांचा १५. १९९६ च्या ८४ पेशंटांच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही, ५.६ महिने विरुद्ध ६.३. त्या दुसऱ्या चाचणीत मेंदूबाहेर आजार चालू असलेले आणि केपीएस खालावलेले पेशंट जास्त होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की माझ्या मते चित्र स्पष्ट होतं. मेंदूतली गाठच माणसाला खाली ओढत असेल तर ती काढल्याने आयुष्य वाढतं. बाकीचा आजार ओढत असेल तर नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर काय बिघडतं तेही अंदाजात धरायला हवं. गाठ तुकड्यातुकड्यांनी काढली तर पेशी सांडतात, आणि लहान मेंदूच्या भागात त्या मेंदूच्या आवरणात पसरण्याचा धोका जास्त असतो. शक्य असेल तिथे गाठीच्या कडेने फिरून ती अखंड काढावी. नवा अर्धांगवायू किंवा वाचादोष आला तर केपीएस पडतो, पुढची औषधं लांबतात किंवा सुरूच होत नाहीत, आणि आयुष्य तिथून कमी होतं. नुसत्या जखमेत जंतुसंसर्ग झाला तरी गोळी किंवा केमो तीनचार आठवडे मागे जाते.

आणि काढलेली गाठ म्युटेशनसाठी पाठवाच. २०१५ च्या एका अभ्यासात मूळ गाठ आणि मेंदूतली गाठ अशा ८६ जोड्या तपासल्या. ५३ टक्क्यांत मेंदूतल्या गाठीत उपचाराच्या कामाचा असा बदल सापडला, जो मूळ गाठीत नव्हता. वर सांगितलेल्या १९९० च्या चाचणीत सुरुवातीच्या ५४ पैकी ६ जणांची गाठ मेटास्टेसिस नव्हतीच. त्या सहांसाठी सगळेच स्कोअर निरर्थक होते.

---

उत्तर २: मध्यक_आणि_मर्यादा

मॉडेलच्या प्रश्नाचं उत्तर देतो. बहुतेक चुका गणिताच्या आधीच, तक्ता भरतानाच होतात.

पहिलं ठरवा ते घड्याळ कधी सुरू होतं. प्रश्न ऑपरेशनचा आहे तर शून्य दिवस म्हणजे ऑपरेशनची तारीख. काही नोंदींत निदानाची तारीख, काहींत पहिल्या एमआरआयची, असं मिसळलं की सगळी बेरीज बिघडते.

दुसरं, अंदाज कुठल्या क्षणी हवा आहे? ऑपरेशन करावं का हे ठरवायचं असेल तर त्या क्षणी जे माहीत आहे तेवढंच मॉडेलमध्ये घाला. गाठ पूर्ण निघाली का, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काय, नंतर रेडिओसर्जरी (नेमक्या जागी दिलेलं जास्त डोसचं रेडिएशन) झाली का, हे घटक तेव्हा अस्तित्वातच नसतात. ते घातले की मॉडेल कागदावर फार हुशार दिसतं आणि ओपीडीत निरुपयोगी ठरतं. ज्यांचा कर्करोग मेंदूतल्या गाठीनेच पहिल्यांदा उघडकीला आला त्यांच्यात तर ऑपरेशनपूर्वी पेशीप्रकारही माहीत नसतो. त्यांच्यासाठी 'अजून माहीत नाही' हा वेगळा गट ठेवा, नंतर कळलेलं उत्तर मागे नेऊन भरू नका. ऑपरेशननंतरच्या अंदाजासाठी दुसरं मॉडेल करा, आणि त्याचा शून्य दिवसही पुढचा ठेवा.

याच्याशी जोडलेली सर्वांत फसवी चूक अशी. ऑपरेशननंतर गाठीच्या जागी उरलेल्या पोकळीला रेडिओसर्जरी मिळालेले पेशंट जास्त जगले, असं दिसतं. पण रेडिओसर्जरी चौथ्या आठवड्यात झाली असेल तर तो पेशंट चार आठवडे जिवंत होता म्हणूनच त्या गटात आला. दहाव्या दिवशी गेलेला आपोआप 'मिळाली नाही' गटात. हा फरक उपचाराचा नाही, मोजणीचा आहे. उपाय: एक दिवस ठरवा, उदाहरणार्थ ४२ वा. त्या दिवशी जिवंत असलेल्यांनाच घ्या, तोवर उपचार झाला की नाही यावर गट पाडा, आणि तिथून पुढे मोजा.

पाठपुराव्यात दोन उलट्या चुका होतात. खालावलेला पेशंट यायचा थांबतो आणि त्याला 'शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत' म्हणून सोडून दिलं जातं, त्यामुळे आयुष्याचा वक्र (किती जण किती काळ जगले याचा आलेख) खरा असेल त्यापेक्षा उंच दिसतो. दुसरीकडे मृत्यूची बातमी नातेवाईक स्वतःहून कळवतात, पण बरा असलेल्याची नोंद कुणी अद्ययावत करत नाही, त्यामुळे वक्र खाली येतो. एक तारीख ठरवून त्या तारखेला सगळ्यांची स्थिती विचारून घ्या. 'फोन लागला नाही' ती तारीख शेवटची जिवंत तारीख म्हणून लिहू नका.

३१० पेशंट आणि २२ घटक. हिशेब पेशंटांचा करायचा नसतो, मृत्यूंचा करायचा असतो. समजा पाठपुराव्यात २४० मृत्यू झाले. एका घटकामागे १० मृत्यू हा किमान पाया, २० असले तर बरं. २० धरले तर १२ जागा मिळतात. पण चार प्रकारचा कर्करोग हा एक घटक नाही, तो तीन जागा खातो. वय वक्र ठेवलं तर तेही दोनतीन जागा घेतं. म्हणजे २२ मावत नाहीत. आणि '९० दिवसांत मृत्यू, हो की नाही' असं मॉडेल केलंत, ९० दिवसांत ४५ जण गेले असतील, तर तुमच्याकडे दोन ते चार जागाच आहेत. म्हणून कॉक्स मॉडेल (मृत्यू केव्हा झाला हेही धरणारं) करा आणि त्यातून ९० दिवसांची शक्यता काढा.

घटक कुठले, हे पी व्हॅल्यू बघून निवडू नका. आधीच ठरवा: वय, डेक्सानंतरचा केपीएस, कर्करोगाचा प्रकार, उपयोगी म्युटेशन किंवा रिसेप्टर, मेंदूबाहेर आजार वाढतो आहे की स्थिर आहे, गाठींची संख्या, गाठ लहान मेंदूच्या भागात आहे का, अल्ब्युमिन. वय ६५ वर तोडू नका. ६४ आणि ६६ मध्ये दरी पडते आणि ६६ व ८२ एक होतात.

रक्ताच्या तपासण्यांवरून केलेला लॅब-बीएम स्कोअर आहे: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, अल्ब्युमिन, सीआरपी, एलडीएच. कल्पना चांगली आहे. पण न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर घालणार असाल तर रक्त डेक्साच्या पहिल्या डोसआधीचं हवं. डेक्सा न्यूट्रोफिल वाढवतं, लिम्फोसाइट घटवतं, मग ते गुणोत्तर आजाराऐवजी डोस मोजायला लागतं. अल्ब्युमिनची अडचण वेगळी: ते अनेकदा आजारी दिसणाऱ्यांचंच तपासलेलं असतं. रिकाम्या जागा असलेले पेशंट वगळलेत तर उरलेला गट जास्त आजारी. मल्टिपल इम्प्युटेशन (रिकाम्या जागा बाकीच्या माहितीवरून अनेकदा अंदाजाने भरणं) करा आणि ते करताना मृत्यूची माहितीही त्यात घाला.

तपासणीसाठी ७०-३० असे तुकडे करू नका. ९३ पेशंटांवर कसली खात्री होणार? सगळ्या ३१० वर बूटस्ट्रॅप (त्याच पेशंटांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून तपासणं) करा, ५०० तरी फेऱ्या, आणि किती फुगवटा होता तो वजा करा. एवढ्या लहान संचावर रँडम फॉरेस्टसारखी मशीन लर्निंगची पद्धत पेशंट पाठ करते. दंड लावलेलं (घटकांचं वजन मुद्दाम आवरणारं) साधं कॉक्स पुरेसं आहे.

सी-इंडेक्स ०.७ आला म्हणजे तुलना करता येण्याजोग्या १०० जोड्यांपैकी ७० मध्ये क्रम बरोबर लागला. महिने बरोबर आले का, हे तो सांगतच नाही. आरपीए आजही बऱ्यापैकी क्रम लावतो, महिने मात्र जुने झालेत. म्हणून अंदाजाप्रमाणे चार गट पाडा, आणि मॉडेल म्हणतं ते सहा महिन्यांचं प्रमाण व कॅप्लान-मायर आलेखावर प्रत्यक्ष दिसणारं प्रमाण शेजारी मांडा. मॉडेल ६० टक्के म्हणतं आणि ७५ टक्के जिवंत आहेत, असं सगळ्या गटांत सारखं दिसलं तर मॉडेल टाकायचं नाही, त्याची आधाररेषा वर उचलायची.

आणि हे मॉडेल फक्त ऑपरेशन झालेल्यांवर बांधलेलं असेल, हे विसरू नका. ज्यांना सर्जननी आधीच नाही म्हटलं त्यांच्याबद्दल ते काहीही सांगू शकत नाही. ऑपरेशनने किती फायदा झाला हेही त्यातून निघत नाही.

---

रेसिडेंट_न्यूरो

@पोस्टिरिअर_फोसा सर, याच पेशंटचा केपीएस डेक्सानंतर ८० झाला तर लंग-मॉल-जीपीए २.५ होतो आणि मध्यक २६.५ महिने येतो. दोन दिवसांच्या औषधाने १३.७ चे २६.५, हे खरं मानायचं का? आणि ऑपरेशननंतर अंदाज बदलायचा तर कशावरून?

---

उत्तर ३: पोस्टिरिअर_फोसा

तसं मानू नका. २ आणि २.५ यांच्या मधोमध स्कोअरची पायरी आहे (१.५ ते २ एक गट, २.५ ते ३ पुढचा), म्हणून उडी मोठी दिसते. शिवाय पुढच्या गटात ज्यांच्यावर कधी दाबच आला नाही असेही आहेत. मी इतकंच म्हणेन की पेशंट १३.७ च्या गटाच्या वरच्या कडेला आहे, आणि वर्ग ३ मध्ये तर नक्कीच नाही. ऑपरेशनचा निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. नंतरच्या अंदाजासाठी ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आत एमआरआय करा, म्हणजे शिल्लक गाठ आणि ऑपरेशनचा व्रण यांत गल्लत होत नाही. घरी जातानाचा केपीएस लिहा. ऑपरेशनआधीच्या आकड्यापेक्षा तो जास्त बोलतो.

---

उत्तर ४: पोकळी_आणि_किरण

रेडिएशनच्या बाजूने काही गोष्टी.

गाठ पूर्ण निघाली म्हणून काम संपलं असं समजणं महागात पडतं. १९९८ च्या चाचणीत पूर्ण काढलेल्या एका गाठीनंतर ज्यांना रेडिएशन दिलं नाही त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांत त्याच जागी गाठ परत आली. रेडिएशन दिलेल्यांत १० टक्के. मेंदूत कुठेही परत येण्याचं प्रमाण ७० विरुद्ध १८. तरीही एकूण आयुष्यात फरक नव्हता. २०१७ मध्ये पोकळीला रेडिओसर्जरी विरुद्ध नुसती नजर ठेवणं, अशी तुलना झाली: वर्षभरात त्या जागी आजार न परतलेले ७२ टक्के विरुद्ध ४३ टक्के. त्यातही एकूण आयुष्य सारखंच.

याचा अंदाजाशी थेट संबंध आहे. यातले बरेच पेशंट मेंदूबाहेरच्या आजाराने जातात, म्हणून मेंदूतला ताबा सुधारला तरी आयुष्याच्या वक्रात तो दिसत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये मृत्यूचं कारण मेंदूतला आजार, बाहेरचा, की दोन्ही, असा रकाना ठेवा. १९९८ च्या त्याच चाचणीत मेंदूतल्या आजाराने झालेले मृत्यू ४४ टक्क्यांवरून १४ वर आले होते. नुसता 'मृत्यू' मोजला असता तर हे हरवलं असतं.

पूर्ण मेंदूला रेडिएशन की फक्त पोकळीला, याची तुलना २०१७ मध्येच १९४ पेशंटांवर झाली. मध्यक ११.६ आणि १२.२ महिने, म्हणजे सारखाच. पण सहा महिन्यांनी आकलनशक्ती खालावलेल्यांचं प्रमाण ८५ विरुद्ध ५२ टक्के. त्यामुळे पूर्ण मेंदूला रेडिएशन मिळालेल्या जुन्या पेशंटांवरून काढलेला अंदाज आजच्या पेशंटच्या आयुष्याच्या दर्जाबद्दल तर मुळीच लागू करू नये.

गाठींच्या संख्येला स्कोअरमध्ये मिळतं त्यापेक्षा कमी महत्त्व द्यायला हवं, असं माझं मत आहे. ११९४ पेशंटांच्या २०१४ च्या जपानी अभ्यासात रेडिओसर्जरीनंतर २ ते ४ गाठीवाले आणि ५ ते १० गाठीवाले, दोघांचाही मध्यक १०.८ महिनेच होता. एक गाठवाल्यांचा १३.९. अट अशी की सगळ्या गाठी मिळून १५ मिलीच्या आत. म्हणून संख्येबरोबर एकूण घनफळही लिहा.

तारखांवर लक्ष ठेवा. जखम भरली की पोकळीची रेडिओसर्जरी तीनचार आठवड्यांत व्हावी. लांबली तर कडेने गाठ उगवते, मग अख्ख्या नियोजनाचा आकार बदलतो. इम्युनोथेरपी ठरली असेल तर डेक्सा लवकर उतरवा. दिवसाला १० मिग्रॅ प्रेडनिसोलोन किंवा जास्त घेत असताना इम्युनोथेरपी सुरू झालेल्यांचे निकाल कमकुवत दिसले आहेत, आणि १० मिग्रॅ प्रेडनिसोलोन म्हणजे जेमतेम १.५ मिग्रॅ डेक्सा. आठवड्यानंतरही १६ मिग्रॅवर असलेला पेशंट जवळजवळ १०० मिग्रॅ प्रेडनिसोलोनवर असतो, हे पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही.

एक सहज मिळणारं मापही सुचवते: त्याच एमआरआयवर कानशिलाच्या स्नायूची जाडी. शरीरातले स्नायू किती झिजलेत याचा ती अंदाज देते, आणि मेंदूतल्या मेटास्टेसिसच्या पेशंटांत तिचा आयुष्याशी संबंध दिसला आहे. ऑपरेशन झालेल्या बाजूचा स्नायू मात्र मोजू नका, तो कापलेला आणि सुजलेला असतो.

---

उत्तर ५: उपशामक_ओपीडी

चौथा प्रश्न राहिला, नातेवाइकांना काय सांगायचं.

मध्यक एकटा सांगू नका. 'साधारण एक वर्ष' म्हटलं की घरचे पुढच्या वर्षीची तारीख धरून बसतात. मध्यकाचा अर्थ निम्मे त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते, एवढाच. त्याचे तीन पट्टे करा. मध्यक १२ महिने धरला तर मधल्या निम्म्या पेशंटांना साधारण ६ ते २४ महिने मिळतात, म्हणजे मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत. सर्वांत कठीण दहांपैकी एकाला दोनतीन महिनेच. सर्वांत चांगल्या दहांपैकी एकाला तीन वर्षं किंवा अधिक. बोलताना असं म्हणता येईल: 'असे दहा पेशंट असले तर साधारण पाच जणांना सहा महिने ते दोन वर्षं मिळतात. एखाद्याला दोनतीन महिनेच मिळतात, एखादा तीन वर्षांच्याही पुढे जातो. तुमचे वडील कुठे बसतील ते आज सांगता येत नाही, पण पुढच्या काही तारखांना जास्त नीट सांगता येईल.'

त्या तारखा नेमक्या द्या: डेक्सानंतरचा तिसरा दिवस, ऑपरेशननंतरचा एमआरआय, पॅथॉलॉजी आणि म्युटेशनचा रिपोर्ट, गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी होणारा स्कॅन. प्रत्येक तारखेला अंदाज नव्याने सांगा. तीन महिने नीट काढलेल्या माणसाचा पुढचा अंदाज पहिल्या दिवशीच्या आकड्यातून तीन महिने वजा करून येत नाही, तो नव्याने काढावा लागतो आणि बऱ्याचदा आधीपेक्षा बरा असतो.

आणि किती काळ, याबरोबरच तो काळ कसा, हेही सांगा. १९९० च्या त्या चाचणीत ४० आणि १५ आठवड्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्यातच दुसरा आकडा आहे: स्वतःचं स्वतः करता येण्याचा काळ ३८ आठवडे विरुद्ध ८. घरचे 'किती दिवस?' विचारतात तेव्हा त्यांना बहुधा हाच हवा असतो. उठून संडासला जाता येईल का, घास स्वतःच्या हाताने घेता येईल का. तुमच्या उदाहरणातल्या पेशंटला गाठ काढल्याने चालता येईल अशी बरीच आशा असेल तर ते आधी सांगा, महिने नंतर.

सुधारलेल्या केपीएसवरून आशा वाढवण्याआधी डेक्साचा डोस बघा. डेक्सावर भूक लागते, चेहरा भरतो, बोलणं उत्साही होतं; मांड्या मात्र आतून झिजत असतात. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगा. उठता येत नसेल तर तो ८० तेवढा भक्कम नाही.

---

रेसिडेंट_न्यूरो

@मध्यक_आणि_मर्यादा, जुन्या नोंदींत केपीएस डेक्सानंतरचा कुठे लिहिलेलाच नाही. फक्त भरतीच्या वेळचा आहे. मग तो घटक सोडून द्यायचा?

---

मध्यक_आणि_मर्यादा

सोडू नका. भरतीच्या वेळचा केपीएस घ्या आणि त्याच्या शेजारी दोन रकाने वाढवा: भरतीपूर्वी डेक्सा चालू होतं का, आणि त्या दिवशीच्या स्कॅनवर मध्यरेषा किती मिमी सरकली होती, किंवा लहान मेंदूची गाठ असेल तर चौथं व्हेंट्रिकल दबलेलं होतं का. स्कॅन जुने असले तरी उघडून मोजता येतात. ज्याने मोजायचं त्याला पेशंट किती जगला हे माहीत नसावं. केपीएस कमी आणि दाब जास्त, या दोघांचा एकत्र परिणाम मॉडेलमध्ये एक जागा देऊन घाला. @पोस्टिरिअर_फोसा म्हणतात तो सुधारू शकणारा ६० खरोखर वेगळा वागत असेल तर तिथे दिसेल. आणि आजपासूनच्या प्रत्येक पेशंटचे दोन केपीएस लिहायला सुरुवात करा, म्हणजे पुढच्या तपासणीसाठी नवा संच तयार होईल.